गाडी सजवायच्या दुकानाला माझे दोन तारे, तेही शिलाईचे

दुकानाचं नाव लिहीत नाही. एक तर दुकानदार आमच्या पोराचा दोस्त आहे. दुसरं म्हणजे हाच माल विकणारी दुकानं आमच्याकडे सर्व्हिस रोडला रांगेनं आहेत, एकट्यालाच कशाला बदनाम करा.

आधी माझं थोडं. मी एसटीत चालक होतो. १९८६ ला लागलो, २०२० ला सुटलो. निम्मी नोकरी कुंभार्ली घाटात गेली, कराड-चिपळूण. नंतर मुंबईची रातराणी. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरात शोकेसमध्ये आहे, त्याची पिन नातीनं वाकवून ठेवलीय. घाटात पहिल्यांदा गाडी हातात आली तेव्हा शेजारी बसलेल्या जुन्या ड्रायव्हरनं एवढंच सांगितलं होतं, "ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, बाकीचं घाट शिकवंल." त्यावर ३४ वर्षं काढली.

तर पोरानं नवी गाडी घेतली. सहा एअरबॅग, एबीएस, मागं चाइल्ड सीटचे हूक, सगळं कंपनीचं. शोरूममधून गाडी निघाली, देवळात नारळ फुटला, आणि तिथून ती थेट या दुकानात. चार तासांनी बाहेर आली तेव्हा बिल होतं बावीस हजार चारशे. सीट कव्हर साडेआठ हजार, खालची ती उंच काठाची 'सेव्हन डी' मॅट बेचाळीसशे, पुढचं लोखंडी गार्ड साडेपाच हजार, हेडलाइटचे एलईडी बल्ब अडतीसशे, अत्तर चारशे. आणि सीट बेल्टच्या दोन क्लिपा फुकट. "दोस्तीत," म्हणाला.

चांगलं आधी सांगतो. दुकान स्वच्छ आहे, बसायला खुर्ची आहे, चहा दोनदा आला. पोरं अदबीनं बोलतात. काळी फिल्म मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मालकानं माझ्यासमोर सरळ नाही म्हटलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हापासून फिल्मचा दंड बसला की गिऱ्हाईक भांडायला दुकानात येतं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे कायदा त्याला कळतो. दंड आपल्या दारात येतो तेवढाच कळतो, हा भाग वेगळा.

आणि शिलाई. शिलाई एक नंबर. मागच्या खोलीत एक वयस्कर कारागीर बसतो, त्याचा दोरा सरळ जातो, कोपऱ्याला चुणी नाही, रेक्झिन ताणलेलं. साडेआठ हजार हाताला लागतात. माझे दोन तारे त्याचे.

आता बाकीचं.

गाडी आल्यावर आठवड्याभरात आम्ही पुण्याला निघालो, पाहुण्यांच्या वास्तुशांतीला. पोरगा चालवायला, मी पुढे, आमची मंडळी, सूनबाई आणि नात मागं. मी बेल्ट ओढला आणि बक्कल शोधायला गेलो तर बक्कल आधीच भरलेलं. त्यात ती क्लिप. बेल्टच्या टोकाला जी पत्र्याची जीभ असते ना, नुसती तेवढीच, पट्टा नसलेली. वर कंपनीचा चकचकीत लोगो. ती खोचून ठेवली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, आणि टूं टूं वाजत नाही.

"आबा, राहू द्या ना, वाजत राहतं ते," पोरगा म्हणाला.

आणि मी राहू दिलं. हे लिहायला लाज वाटते पण लिहितो. बिल्लेवाला माणूस मी, आणि माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या कमरेला पट्टा फार कमी दिवस होता. आमच्या वेळच्या गाड्यांत तो धड नसायचाच आणि असला तरी आम्ही त्याची घडी करून मागं टाकायचो. सवय नाही ती नाहीच.

पोरगा भरधाव चालवतो. त्याला सांगितलं की म्हणतो, "आबा, रस्ता तसा आहे आता." गाडी ऐंशीच्या वर गेली की मधूनमधून बीप वाजते. २०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांना ही बीप सक्तीची आहे, ऐंशीला थांबून थांबून आणि एकशेवीसच्या पुढे सलग. ती बीप बंद करायचंही काही मिळतं का, असं त्यानं दुकानात विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. दुकानदार म्हणाला होता, "वायरिंगमध्ये हात घालावा लागेल, वॉरंटी जाईल." नशीब, वॉरंटी तरी आडवी आली.

खंबाटकीचा बोगदा साताऱ्याकडून येताना लागतो. बोगद्यातून बाहेर पडलं की उतार, आणि उतारावरच इंग्रजी एससारखं वळण. तिथं किती गाड्या आडव्या झाल्या याचा हिशेब मांडायला बसलो तर दिवस जाईल. त्या वळणापायीच नव्या बोगद्यांचं काम काढावं लागलं. मी तिथून हजार वेळा तरी बस आणली असेल आणि दर वेळी बोगद्यातच गिअर पाडलाय. पोरानं पाय उचलला. गाडी मात्र तशीच ओढत राहिली. इंजिनाचा आवाज उतरेना. मी त्याच्या पायाकडं बघितलं. मॅटचा तो उंच काठ पुढं सरकून ॲक्सिलरेटरवर चढला होता.

"क्लच! क्लच आणि ब्रेक, दोन्ही दाब!"

दाबलं त्यानं. इंजिन रिकामं ओरडलं, गाडी दबली आणि मी पुढं गेलो. मनगट डॅशबोर्डवर आपटलं, कपाळ काचेपासून चार बोटांवर राहिलं. मागं नात सुनेच्या मांडीवर होती, ती पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळली. रडली, आणि रडली म्हणून आमच्या जिवात जीव आला. मागून ट्रक येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं अंतर राखलं होतं. त्याचं नाव मला माहीत नाही, पण या सगळ्या हकिकतीत पाच तारे कुणाला द्यायचे असतील तर त्याला.

वळण उतरल्यावर गाडी बाजूला घेतली. मी वाकून मॅट काढली. खाली कंपनीची मूळ मॅट तशीच होती, आणि तिला अडकवायचे दोन हूक जमिनीतून वर आलेले. दुकानातल्या मॅटला त्या हुकांची भोकंच नव्हती. मऊ मॅटवर जाड मॅट नुसती अंथरलेली, टाच मारली की सरकणारच. बेचाळीसशे रुपये.

मग पुढं कात्रज आलं. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथं एका जड गाडीनं एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या, पेपरात फोटो होते. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेली जड गाडी म्हणजे काय, हे मी कुंभार्लीत पाहिलंय. इंजिन धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, जळका वास सुटतो, आणि मग पायाखाली पॅडल असतं पण त्यात काही नसतं. आमच्या बसला हवेचा ब्रेक होता. टाकीतली हवा कमी झाली की बझर वाजायचा. इतका कर्कश की झोपलेला कंडक्टर उठायचा. ३४ वर्षांत एकही ड्रायव्हर मला असा भेटला नाही ज्यानं बझर वाजतो म्हणून त्याची वायर तोडली. तो वाजला की गाडी थांबायची, मग पाठीमागं कितीही शिव्या पडोत. त्या दिवशी कात्रजच्या उतारावर मला तो बझर आठवला आणि वळणानंतर बक्कलातून काढून खिशात टाकलेली ती क्लिप बोचायला लागली.

घरी आल्यावर सूनबाईनं गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. ती शाळेत शिकवते, तिला वाचून दाखवायची सवय. मी अंगणात गाडीची चारी दारं उघडून बसलो, ती वाचत गेली आणि मी तपासत गेलो.

पुढच्या सीटच्या दाराकडच्या अंगाला, शिवणीत एक छोटी पट्टी असते, तिच्यावर इंग्रजीत एअरबॅग लिहिलेलं. आमच्या गाडीत ती दिसतच नव्हती. ती साडेआठ हजारांच्या कव्हराखाली गेली होती. बाजूची एअरबॅग सीटच्या पोटातूनच बाहेर येते, शिवण फाडून. त्यावर आमच्या कारागिराची एक नंबरची, कधी न उसवणारी शिलाई. जितकी शिलाई चांगली तितकी ती बॅग उशिरा निघणार, नाहीतर भलतीकडून निघणार. आता यात त्या माणसाला काय दोष द्यायचा? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढचं लोखंडी गार्ड. गाडीचं नाक मुद्दाम चुरगळण्यासाठी बनवलेलं असतं, धक्का त्यानं खायचा आणि आत माणसाला कमी द्यायचा. धक्का कळणारे सेन्सरही पुढंच असतात आणि त्यांच्या हिशेबावर एअरबॅग कधी फुटायची ते ठरतं. गार्ड थेट चासीला बोल्ट मारून बसवलेलं. म्हणजे धक्का चुरगळण्याच्या जागेला वळसा घालून सरळ आत. पायी चालणाऱ्याला लागलं तर काय, ते वेगळंच. केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरातच अशा गार्डवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलंय. तरी दुकानाच्या दर्शनी भागात, उदबत्ती लावलेल्या फोटोच्या खाली, सहा प्रकारची गार्डं टांगलेली आहेत.

एलईडी बल्बचं तर मला आधीच खटकलं होतं. आपल्या गाडीचं हेडलाइटचं भांडं हॅलोजनच्या बल्बासाठी घडवलेलं आहे. त्यात दुसराच दिवा खुपसला की उजेड फाकतो, खाली पडायचा तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाटात रात्री समोरून असा उजेड आला की दोन-तीन सेकंद माणूस आंधळा होतो. त्या दोन-तीन सेकंदांत बस किती पुढं जाते ते बसवाल्याला विचारा. डिपर मारून उपयोग नसतो, कारण त्याचा डिपरही तसलाच.

आणि क्लिप. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विकणं बंद करायला लावलं, तेरा हजारांच्या वर जाहिराती काढल्या गेल्या. इथं काउंटरच्या काचेखाली, अत्तराच्या शेजारी, सगळ्या कंपन्यांच्या लोगोत मिळतात. एअरबॅग आहे मग बेल्ट कशाला, असं पोरगा आधी म्हणायचा. सूनबाईनं पुस्तकातलं पान त्याच्यापुढं धरलं. एअरबॅग ही बेल्टची जोडीदार आहे, बेल्टाऐवजी नाही. पापणी लवायच्या आत ती फुटते. बेल्ट असला तर माणूस जागेवर राहतो आणि फुगलेल्या बॅगेवर टेकतो. नसला तर तो पुढं फेकला जातो आणि बॅग फुटता फुटता त्याच्या तोंडावर येते. लहान मूल मांडीवर घेऊन पुढं बसणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

मागं बसणाऱ्यांना वाटतं, पुढची सीट आहे की आडवी. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. एवढी महागडी गाडी, ते मागं बसलेले, बेल्ट नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळे मागं बेल्ट लावत होते. मग सुटलं.

तर मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मनगटाला क्रेप बँडेज. मॅट, क्लिपा आणि ते पुस्तक काउंटरवर ठेवलं.

मालक म्हणाला, "तात्या, गिऱ्हाईक मागतंय ते आम्ही देतोय. आम्ही नाही दिलं तर शेजारचा देईल."

मी म्हटलं, "क्लिपा कुठं मागितल्या होत्या? त्या तर तूच दिल्यास."

"फुकट दिल्या तात्या!"

यावर काय बोलणार. मी विचारलं, लहान मुलांची सीट आहे का तुझ्याकडं, मागच्या हुकांना अडकवायची? त्यानं दुकानातल्या पोराकडं बघितलं, पोरानं त्याच्याकडं. "तसलं इथं कोण घेत न्हाई तात्या. मागवावं लागंल." गार्ड सहा प्रकारची, अत्तर चाळीस प्रकारचं, स्टिअरिंगचं कव्हर, मागच्या काचेवर वाघ, आणि लेकराची सीट मागवावी लागंल. एक तारा मी याच वाक्याला कापला.

मात्र मागच्या खोलीतला तो कारागीर उठून बाहेर आला. त्यानं ऐकलं होतं सगळं. गाडीपाशी आला, सीटच्या कडेवरून अंगठा फिरवला, आतली ती पट्टी बोटाला लागली तसा थांबला. ब्लेड घेऊन त्यानं दाराकडची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली, कडा आत दुमडल्या आणि तेवढा भाग मोकळा ठेवून वरखाली टिपा घातल्या. दोन्ही सीटना मिळून चाळीस मिनिटं. काम चालू असताना एकदाच बोलला, "आधी सांगितलं असतं तर असंच कापलं असतं." तीनशे रुपये घेतले, आणि तेही मालकानं सांगितलं म्हणून. मला वाटतं त्यानं मागितले नसते. कव्हर अजून देखणंच दिसतं. ज्यांना कव्हर शिवूनच घ्यायचं असेल त्यांनी गाडी देताना बाजूच्या एअरबॅगची पट्टी दाखवावी आणि उघडी ठेव म्हणून सांगावं. तो करून देतो.

मॅटचे पैसे परत मिळाले नाहीत. बल्ब काढून मूळचे बसवले, त्याची मजुरी दोनशे. गार्डाला "वापरलेला माल" म्हणून मालकानं हजार रुपये देऊ केले. मी नाही दिलं, कारण ते त्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला बसवलं असतं. आता ते आमच्या परसात दोडक्याच्या वेलाला उभं केलंय. साडेपाच हजारांचा मांडव. वेल मात्र जोमानं चढलाय.

लेकराची सीट शेवटी पुण्याहून आणली. मागच्या हुकांना खट् करून बसते, हिरवी खूण दिसली की समजायचं अडकली. पहिले दोन दिवस नातीनं रडून गाव गोळा केला. तिसऱ्या दिवशी तिनं ती 'माझी गाडी' ठरवली आणि आता आम्हालाच त्यात बसू देत नाही.

पोराचं काय झालं, असं विचाराल. तो अजून वेगात जातो, मी शेजारी असलो की जरा कमी. मॅट त्यानं स्वतः टाकून दिली, ती वळणावरची गोष्ट त्याच्या पायाला आठवते. बेल्ट लावतो. मीही लावतो, पहिल्यांदा खांद्यावर काचला, आता कळतही नाही. क्लिपा माझ्याकडं आहेत. एक बाटली उघडायला बरी पडते. दुसरी बिल्ल्याशेजारी ठेवलीय, मंडळी म्हणाली, "तुमच्या बहाद्दरीचं दुसरं बक्षीस."

परवा बाजारातून येताना मंडळी मागं नातीजवळ बसली आणि भाजीची पिशवी पुढच्या सीटवर ठेवली. दोन नारळ, भोपळा, बटाटे, चांगली जड. गाडी सुरू केली आणि टूं टूं सुरू. सीटला वाटलं माणूस बसलाय. पोरानं सवयीनं हात काउंटरवाल्या क्लिपेच्या जागी नेला, तिथं काही नव्हतं. मंडळीनं मागून वाकून बेल्ट ओढला, पिशवीवरून घेतला आणि बक्कल खटकन लावलं.

"वाजायचं थांबलं," ती म्हणाली. "आता हिचं अर्धं तिकीट फाडा, आणि चला."